मैदानावरील संगीत आणि बहुभाषिक प्रेक्षकसमूह : फुटबॉलच्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

क्रीडा आणि संगीत या दोन्ही विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु क्रीडांगणावर वाजणाऱ्या संगीताची चिकित्सा मात्र अभावानेच आढळते. नाटकाचे पार्श्वसंगीत, चित्रपटगीत, कीर्तन, तमाशा यांची समीक्षा आपण करतो. सामन्याच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून काय वाजावे, हा प्रश्न मात्र मंडप व ध्वनिव्यवस्था पुरविणाऱ्या व्यावसायिकावर सोपवून मोकळे होतो. वास्तविक, हजार-दोन हजार माणसे एकाच वेळी, एकाच जागी, एकाच प्रसंगाशी बांधली जाऊन जे संगीत ऐकतात, त्याचा सामाजिक अर्थ लहान नसतो. त्या संगीतात कोणाची भाषा आहे, कोणाचे वाद्य आहे आणि कोणाला केवळ ऐकण्याची भूमिका दिली आहे, हे तपासणे समीक्षेचे कामच आहे.

प्रस्तुत लेखात फुटबॉलच्या मैदानावर विविधभाषिक प्रेक्षकांना उत्साहित करण्यासाठी संगीताची निवड कोणत्या निकषांवर व्हावी, याचा विचार केला आहे. त्यासाठी जगातील काही सुपरिचित उदाहरणे, २०१७ सालची भारतातील सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा, महाराष्ट्रातील कुस्तीच्या हलगीची परंपरा आणि गडचांदूर परिसराची सांस्कृतिक रचना यांचा आधार घेतला आहे. मैदानावरील संगीताचे यश ध्वनिक्षेपकाच्या आवाजावर ठरत नाही, तर प्रेक्षक ते संगीत आपल्या ताब्यात घेऊ शकतात की नाही यावर ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रेक्षक कोण ?

कोणत्याही निवडीपूर्वी प्रेक्षकांची ओळख करून घेणे आवश्यक ठरते. गडचांदूर हे कोरपना तालुक्यातील औद्योगिक गाव. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यातील सिमेंट कारखान्यांमुळे देशाच्या अनेक प्रांतांतील कामगार व कर्मचारी येथे येऊन स्थिरावले. हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे तेलुगू आणि दखनी उर्दूचे संस्कार येथील बोलण्यात आजही जाणवतात. दक्षिणेकडे माणिकगडच्या डोंगररांगांत जिवती तालुक्यातील गोंड व कोलाम वस्त्या आहेत. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्रविड कुळातील भाषा असून कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. त्याच डोंगरांवर बंजारा तांडे आहेत आणि १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही आहेत. खाली सपाटीवर वऱ्हाडी वळणाची मराठी बोलणारा शेतकरी समाज आहे.

अशा परिसरात महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन वा स्थानिक सामना भरला, तर कडेला उभा राहणारा समूह किमान पाच-सहा भाषांचा असतो, हे सहज लक्षात येते. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालयांची स्थिती कमीअधिक फरकाने अशीच आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील बंदिस्त क्रीडागारांचा नाही. तो आपल्या क्रीडा समित्यांचाही आहे.

प्रचलित निकषांची मर्यादा

सर्वसाधारणपणे तीन निकषांवर मैदानावरील गाणी निवडली जातात. पहिला निकष लोकप्रियतेचा. हिंदी चित्रपटातील सध्याचे गाजलेले गाणे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ते सर्वांचे आहे, असा यामागील तर्क. दुसरा निकष आवाजाच्या पातळीचा. जेवढा ठोका मोठा तेवढा उत्साह मोठा, असे मानले जाते. तिसरा निकष प्रतिनिधित्वाचा. उद्घाटनाला एखादे आदिवासी नृत्य ठेवले की स्थानिक संस्कृतीला न्याय मिळाला, अशी समजूत असते.

या तिन्ही निकषांत काही तथ्य आहे, हे नाकारता येणार नाही. हिंदी चित्रपटगीत ही आपल्याकडील खरोखरच सामायिक ठेव आहे आणि कारखान्याच्या वसाहतीतील बंगाली वा ओडिया मुलगा आणि तांड्यावरील मुलगा यांच्यात ते चटकन पूल बांधते. परंतु माहीत असणे आणि गाता येणे यांत फरक आहे. ध्वनिमुद्रित चित्रपटगीत पूर्ण बांधलेले असते. त्यात ऐकणाऱ्यासाठी जागा सोडलेली नसते. त्यावर नाचता येते, पण ते बदलता येत नाही आणि आपल्या संघाचे नाव त्यात घालता येत नाही. आवाजाच्या बाबतीत तर उलटच घडते. ध्वनिक्षेपक इतका मोठा होतो की शेजाऱ्याची आरोळी ऐकू येत नाही आणि स्वतःची आरोळी देण्याची इच्छाच उरत नाही. तिसऱ्या निकषाविषयी स्वतंत्र विवेचन पुढे केले आहे.

येथे आणखी एका प्रभावाचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. २००८ साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगने क्रिकेटच्या दोन चेंडूंमधील, दोन षटकांमधील प्रत्येक मोकळी जागा संगीताने भरण्याची सवय आपल्या कानांना लावली. क्रिकेटच्या खेळातच थांबे आहेत, म्हणून तेथे ते चालून जाते. फुटबॉलची रचना मुळात वेगळी आहे. पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन अर्ध अखंड वाहत असतात. त्या प्रवाहात ध्वनिक्षेपकाला जागा नसते. जागा असते ती प्रेक्षकांच्या कंठाला. क्रिकेटची ध्वनियोजना जशीच्या तशी फुटबॉलवर लादणे म्हणजे खेळाचे व्याकरण न समजणे होय.

जागतिक उदाहरणांतून काय दिसते ?

इंग्लंडमधील लिव्हरपूल संघाचे 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गीत सर्वपरिचित आहे. मूळ गीत रॉजर्स व हॅमरस्टाइन यांच्या १९४५च्या 'कॅरोसेल' या संगीतिकेतील. १९६३ साली लिव्हरपूलच्याच 'गेरी अँड द पेसमेकर्स' या वाद्यवृंदाने ते नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि ते लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी गेले. सामन्यापूर्वी गाजलेली गाणी वाजविण्याच्या प्रथेतून ते मैदानावर आले. तथापि ते टिकले ते यादीतून उतरल्यानंतरही प्रेक्षक ते गात राहिले म्हणून. म्हणजे निवड व्यवस्थापनाने सुचविली, पण मान्यता उभ्या प्रेक्षकांनी दिली.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. 'द व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकन जोडीच्या २००३ सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी' या गीताची सात सुरांची सुरुवातीची ओळ त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुग संघाच्या पाठीराख्यांनी मिलान येथील सामन्याच्या वेळी उचलली. २००६च्या आरंभी रोमा संघ ब्रुगला खेळायला गेला आणि तेथून ती इटलीत पोहोचली. त्याच वर्षी इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा ती राष्ट्राची आरोळी झालेली होती. इंग्रजी गीत, बेल्जियन कंठ, इटालियन विजय असा हा प्रवास शक्य झाला, कारण प्रवास शब्दांनी केलाच नाही. प्रेक्षकांनी गीत टाकून दिले आणि फक्त चाल ठेवली. भाषा जेथे अडसर ठरते तेथे निरर्थक अक्षरांवर गायलेली छोटी चाल अडसर ओलांडते, हा या उदाहरणाचा धडा.

तिसरे उदाहरण प्रत्यक्ष निवडीच्या क्षणाचे आहे. २०२० साली नियोजित असलेली युरोपीय स्पर्धा २०२१ साली खेळविली गेली. २९ जून २०२१ रोजी वेम्बली येथे इंग्लंडने जर्मनीवर २-० असा विजय मिळविल्यानंतर तेथील ध्वनिसंयोजक टोनी पेरी यांच्यापुढे खास इंग्रज फुटबॉलगीत लावण्याचा पर्याय होता. त्यांनी नील डायमंड या अमेरिकन गायकाचे १९६९ मधील 'स्वीट कॅरोलाइन' लावले आणि पराभूत संघाचे पाठीराखेही त्यात सामील झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले. विजेत्यांचा अभिमान आणि पराभूतांची उपस्थिती या दोहोंचा विचार त्या निवडीत झाला. बहुविध समूहासाठी गाणे निवडणे म्हणजे कोणाला वगळले जाते याचा विचार करणे होय, हे यावरून स्पष्ट होते.

याउलट, वरून ठरविलेल्या अधिकृत गीतांचा अनुभव संमिश्र आहे. २०१०च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकासाठी कोलंबियाच्या शकिरा यांनी 'फ्रेशलीग्राउंड' या दक्षिण आफ्रिकी वाद्यवृंदासह गायलेले 'वाका वाका' अफाट गाजले. त्याचा ध्रुपदाचा भाग कॅमेरूनच्या 'गोल्डन साउंड्स' या वृंदाच्या १९८६च्या गीतावरून घेतलेला असून त्या गीताचे मूळ कॅमेरूनच्या सैनिकांच्या कूचगीतात सांगितले जाते. यजमान देशाचा गायक मुख्य स्थानी का नाही, हा प्रश्न त्याही वेळी विचारला गेला. विशेष म्हणजे त्या स्पर्धेचा ध्वनी म्हणून जगाच्या स्मरणात राहिला तो प्रेक्षकांनी स्वतः आणलेला वुवुझेला. त्याच्या अखंड घोंगावण्याने बाकीच्या आरोळ्या बुडतात, अशी तक्रार होऊन युरोपीय महासंघाने सप्टेंबर २०१०मध्ये आपल्या स्पर्धांतून त्यावर बंदी घातली. प्रेक्षकांचे वाद्य असले म्हणजे ते आपोआप सर्वसमावेशक होते असे नाही, ही दुसरी बाजूही या उदाहरणातून ध्यानात घ्यावी लागते.

आपल्या देशात २०१७च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता ही सहा केंद्रे होती आणि एकूण प्रेक्षकसंख्या तेरा लाखांहून अधिक झाली. स्पर्धेचे अधिकृत गीत 'कर के दिखला दे गोल' हे हिंदीत होते. सहा केंद्रांपैकी हिंदीचे म्हणावे असे केंद्र एकच. मराठी, कोंकणी, मल्याळम, असमिया आणि बंगाली या भाषांच्या शहरांसाठीही तेच गीत. राष्ट्रीय पातळीवर एकच गीत निवडण्याची अडचण समजण्यासारखी आहे; परंतु फुटबॉलवर जिवापाड प्रेम करणारी यांतील बहुतेक शहरे हिंदीबाहेरची आहेत, या वस्तुस्थितीची दखल त्या निवडीने घेतल्याचे दिसत नाही.

हलगी : खेळ पाहून वाजणारे संगीत

महाराष्ट्रात फुटबॉलवेडे म्हणून कोल्हापूरची ख्याती आहे. तेथील संघ पेठापेठांच्या तालीम मंडळांचे आहेत. तालीम हा शब्दच कुस्तीतला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे पाठीराखे शाहू स्टेडियमवर ज्या निष्ठेने जमतात, ती निष्ठा कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉलकडे आली आहे. ही निष्ठा कधीकधी हाणामारीपर्यंतही गेली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. उत्साह आणि उन्माद यांतील सीमारेषा बारीक असते.

त्या कुस्तीपरंपरेतच मैदानी संगीताचा आपला अस्सल नमुना सापडतो. कुस्तीच्या मैदानात हलगीवाला आखाड्याच्या कडेला उभा असतो आणि त्याची नजर मल्लांवर असते. खडाखडी चालू असताना ठोका संथ असतो. पकड जमली, डाव पडू लागला की ठोका चढतो. निकाल लागला की तो मोकळा सुटतो. येथे संगीत खेळाच्या मागे चालते, त्याच्या पुढे धावत नाही. यंत्रातून वाजणाऱ्या गाण्याला ही नजर नसते. सामना रंगहीन असताना ते उसना जोश ओतते आणि खरोखर श्वास रोखण्याच्या क्षणीही ते तसेच वाजत राहते. फुटबॉलच्या मैदानाला हवे आहे ते हलगीवाल्याचे हे डोळस भान.

विदर्भातही दंगल व शंकरपट यांत डफड्याला हेच स्थान राहिले आहे. मात्र डफडे मैदानावर आणू असे म्हणणे जितके सोपे तितके निरागस नाही. गावकीच्या व्यवस्थेत वाजविण्याचे काम विशिष्ट जातींवर लादलेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला झालेल्या धम्मदीक्षेच्या काळात ज्यांनी गावकीची कामे नाकारली, त्यांत हे वाजविणेही होते. तो नकार स्वाभिमानाचा होता. म्हणून आज एखाद्या महाविद्यालयाने 'पारंपरिक वाद्य' म्हणून डफडे मागविताना वाजविणारा कोण, त्याला कोणत्या शब्दांत बोलावले, मानधन दिले की बिदागी फेकली, तो मैदानात इतरांबरोबर बसतो की कडेला उभा राहतो, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. वाद्य ज्या विद्यार्थ्याला शिकावेसे वाटेल त्याने जातीचा विचार न करता हाती घ्यावे, हाच यातील न्याय्य मार्ग होय.

आदिवासी संगीत : देखावा की सहभाग ?

आता तिसऱ्या निकषाकडे वळू. उद्घाटनप्रसंगी मोरपिसांच्या मुकुटातील नर्तकांकडून पाहुण्यांचे स्वागत करवून घ्यायचे आणि सामना सुरू झाला की त्यांना निरोप देऊन हिंदी गाणी लावायची, ही पद्धत सन्मानाची वाटली तरी परिणामतः ती त्या समाजाला प्रेक्षकांतून उचलून देखाव्यात नेऊन ठेवते. माणिकगड परिसरातील राजगोंडांची दंडार व गुस्साडी ही दिवाळीच्या सुमाराची, श्रद्धेशी निगडित परंपरा आहे. तिचा वेश, तिचा काळ आणि तिचे नियम आहेत. ढोल व पेपरे यांच्या वाजविण्यातही प्रसंगानुसार भेद असतो. कोणता ठेका लग्नाचा, कोणता देवाचा आणि कोणता केवळ आनंदाचा, हे वाजविणाऱ्यालाच विचारावे लागते. क्रीडा समितीने परस्पर ठरविण्याची ती बाब नव्हे.

याच परंपरेत मैदानाला सर्वाधिक उपयुक्त असा घटकही आहे. गडचिरोलीकडील रेला गीतप्रकारात एकाने ओळ सांगायची आणि समूहाने अर्थनिरपेक्ष अक्षरांचे पालुपद धरायचे, अशी रचना असते. 'सेव्हन नेशन आर्मी'च्या चालीने युरोपात जे साधले, त्याचे तत्त्व येथे आधीपासून नांदते आहे. पालुपदाला अर्थ नसल्यामुळे गोंडी न येणाराही ते पहिल्याच ऐकण्यात उचलू शकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजनात, बंजारा तांड्याच्या नगाऱ्यात, तेलुगू भाषकांच्या डप्पूत हीच सांगणे-झेलण्याची रीत दिसते. भजनाचे शब्द मैदानावर आणणे औचित्याचे होणार नाही. परंतु ही रीत मात्र सर्वांच्या ओळखीची आहे. पाच-सहा भाषांच्या या प्रदेशाला सामायिक गाणे नसेल, पण सामायिक रीत आहे.

ध्वनीचे शास्त्र आणि नियम

सौंदर्यविचाराबरोबर एक भौतिक वस्तुस्थितीही लक्षात घ्यावी लागते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर असतो. आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान १०५ मीटर लांब असते. म्हणजे एका टोकाची टाळी दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधील अंतर ०.५ सेकंद असते. त्यामुळे दूरची टाळी निम्म्याहून अधिक ठोका उशिरा ऐकू येते आणि जलद, गुंतागुंतीचा ठेका मैदानभर एकसंध राहत नाही. २०१६च्या युरोपीय स्पर्धेत आइसलंडच्या पाठीराख्यांची टाळी प्रभावी ठरली ती दोन टाळ्यांमध्ये मोठी शांतता ठेवल्यामुळे. वेग पुढे हळूहळू वाढविला जाई. संथ आरंभ आणि रिकामी जागा ही विस्तीर्ण मैदानाची गरज आहे. हलगीचा संथ आरंभही याच जातीचा.

नियमांची बाजूही उपेक्षणीय नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असून सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज हद्दीवर त्या मानकापेक्षा १० डेसिबल किंवा एकूण ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असता कामा नये. खेळाच्या नियमांनुसारही प्रेक्षकांतून वाजलेल्या शिट्टीने खेळात व्यत्यय आल्यास पंचांना खेळ थांबवून चेंडू टाकून तो पुन्हा सुरू करावा लागतो. शिट्टी हे मैदानावर पंचाचे वाद्य आहे, एवढे प्रेक्षकांना आधी सांगणे हिताचे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) विविधभाषिक प्रेक्षकांसाठी सर्वांना समजणारी भाषा शोधण्यापेक्षा सर्वांना उचलता येणारी लहान चाल, पालुपद व टाळी शोधणे अधिक फलदायी आहे.

२) ध्वनिमुद्रित गाण्यांना सामन्यापूर्वीचा काळ, पंधरा मिनिटांचे मध्यंतर आणि सामन्यानंतरचा वेळ पुरेसा आहे. या वेळांत मराठी, हिंदी, गोंडी, तेलुगू, बंजारा गीतांना आळीपाळीने स्थान देता येईल. खेळ चालू असताना ध्वनिक्षेपक बंद असावा.

३) खेळ चालू असताना ढोल, डफडे, नगारा यांपैकी जी वाद्ये विद्यार्थी स्वेच्छेने आणतील ती, खेळ पाहून वाजवावीत. वादकांना प्रेक्षकांत जागा, योग्य मानधन आणि ठेका ठरविण्याचा अधिकार असावा.

४) श्रद्धेशी निगडित नृत्य व वाद्ये त्या समाजाच्या संमतीविना उद्घाटनाच्या शोभेसाठी वापरू नयेत.

५) निवड करणाऱ्या समितीत शारीरिक शिक्षण विभागाबरोबर भाषा व समाजशास्त्र विभागांचे प्राध्यापक आणि विविध वस्त्यांतील विद्यार्थी असावेत. पाहुण्या संघाला व पराभूत संघाला कोणते गीत बोचेल, हा प्रश्न समितीने प्रत्येक गीताबाबत विचारावा.

नागपूर येथे शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे आणले. त्यांच्या कार्यावर आधारित नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाने, ज्याला जमाव म्हणून हिणवले जाते त्यालाच संघ होता येते, हे ठळकपणे मांडले. मैदानाच्या आतील मुलांबाबत जे खरे, ते मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांबाबतही खरे आहे. त्यांना केवळ श्रोते मानले तर ते जमावच राहतात. त्यांच्या कंठाला व हातांना जागा दिली, तर कोलामगुड्यावरून आलेला विद्यार्थी आणि कारखान्याच्या वसाहतीतील विद्यार्थी एकाच ठोक्यावर टाळी देऊ शकतात. वर्गात ज्यांची भाषा क्वचितच ऐकू येते, त्यांचा आवाज निदान मैदानावर तरी यंत्राखाली दबू नये, याची काळजी घेणे आपल्या हाती आहे.